सशाची मान वाकडी झाली तर: पहिल्या तासापासून सहाव्या आठवड्यापर्यंत

काल रात्रीपर्यंत कोथिंबिरीच्या काडीसाठी पायात घुटमळणारा ससा सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एका कुशीवर पडलेला दिसतो. त्याचा एक डोळा छताकडे आणि दुसरा जमिनीकडे वळलेला असतो, आणि हात लावायला जावे तर तो स्वतःभोवतीच गरगर लोळू लागतो. हे दृश्य पाहिल्यावर घरच्यांना पहिली शंका लकव्याची येते, शेजारपाजारचे ‘मानेत वारं भरलं’ म्हणतात, आणि क्वचित एखादा पशुवैद्यही ‘आता याचं काही खरं नाही’ असे सांगून मोकळा होतो. आमच्या घरच्या सशाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकाच दिवसात घडल्या. तो ससा त्यानंतर चार वर्षे जगला, मान किंचित तिरकी ठेवून, पण उड्या मारत.

मान वाकडी होणे हे एक लक्षण आहे आणि त्यामागे निरनिराळे आजार असू शकतात. त्यांतले बरेचसे आजार उपचारांना दाद देतात, मात्र त्यासाठी दिवस नव्हे, आठवडे लागतात. या आठवड्यांत ससा मानेमुळे क्वचितच दगावतो; खाणे थांबून आतडी मंदावल्यामुळे किंवा औषध मध्येच सोडल्यामुळे तो हाती लागत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांचा क्रम आधी पोट आणि मग मान असा ठेवला आहे.

पहिला तास: काय करावे आणि कशाला हात लावू नये

सशाला उचलून छातीशी धरण्याचा मोह आधी आवरावा. तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडल्यामुळे भोवतालचे सगळे फिरत असल्याचा भास त्याला होत असतो, आणि पायाखालची जमीन सुटताच तो भास वाढून तो जिवाच्या आकांताने झटका देतो. सशाची हाडे हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र फार ताकदीचे असतात. अशा एका झटक्यात पाठीचा कणा मोडू शकतो. हलवणे अगदीच आवश्यक असेल, तर मोठ्या टॉवेलमध्ये अंग सैल पण नीट गुंडाळावे, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली ठेवावा, आणि स्वतः जमिनीवर बसूनच त्याला आपल्या अंगाशी टेकवून धरावे.

त्यानंतर त्याच्यासाठी लहानशी, मऊ आणि काहीशी अंधारी जागा करावी. पुठ्ठ्याचे खोके किंवा बुटका टब घेऊन तळाशी जुनी गोधडी अंथरावी आणि दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घट्ट वळकट्या अशा लावाव्यात की ससा त्यांच्यामध्ये टेकून बसेल. अंगाला दोन्हीकडून आधार मिळाला की लोळणे बहुतेक वेळा निम्म्याने कमी होते. पिंजऱ्यातला मजला, लाकडी फळ्या आणि जड भांडी बाहेर काढावीत, कारण लोळताना डोळा आणि डोके आपटते ते यांच्यावरच. घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याला मोकळे सोडू नये.

आता पोटाकडे पाहावे. आदल्या रात्रीचे गवत आणि भाजी किती उरली आहे, लेंड्या किती पडल्या आहेत आणि त्यांचा आकार नेहमीचा आहे की बारीक झाला आहे, हे पाहून लिहून ठेवावे. कोथिंबीर किंवा मेथीची काडी त्याच्या थेट ओठांशी न्यावी. पुष्कळ सशांना भूक असते, पण जमिनीवरचे अन्न तोंडाने पकडता येत नाही. काडी ओठांशी येताच ते खाऊ लागतात. हा फरक डॉक्टरांना सांगण्यासारखा आहे, कारण ‘खात नाही’ आणि ‘खाता येत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोबाइलवर दोन छोटी चित्रणे करावीत. एक डोळ्यांचे, जवळून, साधारण अर्धा मिनिट; दुसरे त्याच्या चालण्याचे किंवा लोळण्याचे. बुबुळे आडवी हेलकावतात, उभी हेलकावतात की गोल फिरतात, यावरून बिघाड अंतर्कर्णात, म्हणजे कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात, आहे की मेंदूत याचा अंदाज बांधता येतो, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ही हालचाल थांबलेली असू शकते.

कानात गोडे तेल, घरातले थेंब किंवा कापसाची काडी घालू नये. कानाचा पडदा फाटलेला असेल, तर काही औषधी थेंब आत उतरून अंतर्कर्णाचे आणखी नुकसान करतात. मान चोळू नये आणि बळाने सरळ करू नये. ती स्नायू आखडल्यामुळे वळलेली नसते, ससा ‘सरळ’ समजतो ती दिशाच बदललेली असते. माणसांसाठीची वेदनाशामके अजिबात देऊ नयेत.

किती घाई करावी

मान वाकडी झालेल्या सशाला त्याच दिवशी दाखवणे हे सर्वसाधारण धोरण ठेवावे. काही लक्षणे मात्र संध्याकाळच्या दवाखान्याची वाट पाहण्यासारखी नसतात. दहा-बारा तासांत काहीही न खाणे किंवा एकही लेंडी न पडणे, न थांबता लोळत राहणे, आचके येणे, मागचे पाय लुळे पडणे, उंचावरून पडल्याचा किंवा मांजर-कुत्र्याच्या झटापटीचा इतिहास असणे, यांपैकी काहीही असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. ससा तोंड उघडून श्वास घेत असेल तर तोही तितकाच गंभीर इशारा मानावा, कारण ससे नाकानेच श्वास घेतात. त्याचे सामान्य तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. कान बर्फासारखे गार लागले आणि ससा मलूल दिसला, तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून त्याच्या कुशीला लावावी आणि मग प्रवासाला निघावे. गुदद्वारातून तापमान घेण्याची सवय नसेल, तर घाबरलेल्या सशावर तो प्रयोग करू नये.

योग्य डॉक्टर शोधणे

आपल्याकडे खरी अडचण इथे येते. पशुवैद्यकीय शिक्षणाचा मोठा भाग गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडीभोवती फिरतो, शहरी दवाखाने कुत्र्या-मांजरांवर चालतात, आणि सशाच्या वाट्याला ‘छोटे मांजर’ समजून केलेले उपचार येतात. ससा मात्र पचनसंस्थेच्या दृष्टीने घोड्याच्या जवळचा आहे: सतत चरणारा, मोठ्या अंधांत्रात (आतड्याच्या पिशवीसारख्या भागात) सूक्ष्मजीवांच्या मदतीने गवत आंबवणारा आणि उलटी करता न येणारा प्राणी. हे ज्याला ठाऊक आहे तोच डॉक्टर हवा.

मुंबई-पुण्यात पक्षी, कासव, ससा असे प्राणी नियमित पाहणारे डॉक्टर आता मिळतात. त्यांच्या पाट्यांवर बहुधा ‘एक्झॉटिक’ हा शब्द असतो. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट हे प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे आणि त्याच परिसरात १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्यात इतरत्र नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला इथल्या पशुवैद्यकीय शिक्षणसंस्थांना जोडून चिकित्सालये आहेत. या सर्व संस्था नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. लहान गावातल्या माणसाने अशा चिकित्सालयाशी आधी फोनवर बोलून घ्यावे, कारण एक्स-रे, रक्ततपासणी आणि निरनिराळ्या विषयांचे प्राध्यापक एका आवारात मिळणे ही खाजगी दवाखान्यात सहसा न जुळणारी सोय आहे. १९६२ या क्रमांकाची फिरती पशुवैद्यकीय सेवा मुख्यतः पशुधनासाठी आहे. तिच्यावर सशासाठी विसंबून राहू नये.

फोनवर विचारायचे प्रश्न थोडे आणि नेमके असावेत. ‘डॉक्टर, तुमच्याकडे ससे नियमित येतात का? मान वाकडी झालेला ससा याआधी तुम्ही पाहिला आहे का?’ हे पहिले दोन. तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत उपयोगी वाटला: ‘भूल देण्याआधी सशाला रात्रभर उपाशी ठेवावं लागतं का?’ कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात ते भुलीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. ससा उलटी करूच शकत नाही, आणि उपास घडला तर त्याची आतडी थंडावतात. त्यामुळे ‘हो, रात्रभर काही देऊ नका’ असे उत्तर आले, तर आभार मानून दुसरा क्रमांक फिरवावा. डॉक्टर प्रामाणिकपणे ‘मी ससे फारसे पाहिलेले नाहीत, पण जाणकारांना विचारून उपचार करीन’ म्हणत असतील, तर तो मात्र चांगला पर्याय आहे. विचारून उपचार करणारा डॉक्टर, ठामपणे चुकणाऱ्या डॉक्टरपेक्षा केव्हाही बरा.

भारतात प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच आहे. ससा जिथून विकत घेतला त्या दुकानदाराने पुडीतून दिलेली गोळी किंवा टोचलेले इंजेक्शन हा उपचार नव्हे.

दवाखान्यापर्यंतचा प्रवास

नेण्यासाठी वरून उघडणारी टोपली किंवा पेटी चांगली, कारण समोरच्या छोट्या दारातून लोळणारा ससा ओढून काढणे दोघांनाही जड जाते. टॉवेलच्या वळकट्या इथेही लावाव्यात आणि पेटीवर पातळ कापड टाकावे. मार्च ते जून या काळात प्रवास सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करावा. तिशीच्या आसपासचे तापमानही सशाला सोसत नाही, त्याला घाम येत नाही, आणि बंद मोटारीत तो काही मिनिटांत उष्माघाताच्या वाटेला लागतो. गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पेटीच्या एका टोकाला ठेवावी, म्हणजे त्याला हवे तेव्हा तिच्याजवळ जाता येईल किंवा तिच्यापासून दूर सरकता येईल. रिक्षात पेटी मांडीवर घ्यावी. मागच्या बाजूला ठेवली की प्रत्येक खड्ड्यागणिक ती उडते. जोडीने राहणारे ससे असतील, तर जोडीदारालाही बरोबर न्यावे: आजारी सशाला धीर मिळतो आणि परतल्यावर अनोळखी वासामुळे भांडण होत नाही. बरोबर मूठभर गवत, ओळखीची भाजी, आधीच्या औषधांच्या बाटल्या आणि ती दोन चित्रणे घ्यावीत.

तपासणीच्या टेबलावर

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी घरूनच लिहून न्याव्यात, कारण आयत्या वेळी निम्म्या विसरतात. मान केव्हापासून वाकडी आहे, अचानक झाली की हळूहळू. ससा आधी कान खाजवत होता का, डोके झटकत होता का. शिंका, नाकातून किंवा डोळ्यांतून स्राव होता का. तो अलीकडे जास्त पाणी पीत होता का, लघवी नकळत होत होती का, मागचे पाय ओढत होता का. घरात नवीन ससा आला आहे का. त्याने भिंतीचा जुना रंग किंवा पडद्याच्या कडेला वजनासाठी घातलेले शिसे कुरतडले असण्याची शक्यता आहे का. शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, परंतु शिशाची विषबाधा कुरतडणाऱ्या प्राण्यांत खरोखर आढळते.

आता मूळ कारणांकडे वळू. संशयित बरेच आहेत: डोक्याला मार, गळू, गाठ, मेंदूतला रक्तस्राव, विषबाधा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी रॅकून या प्राण्याच्या विष्ठेतून येणाऱ्या जंताचाही उल्लेख डॉक्टरांकडे करावा, विशेषतः ससा अंगणात चरत असेल तर. परंतु प्रत्यक्षात बहुतेक वेळा निवड दोन कारणांमध्ये करावी लागते.

पहिले कारण म्हणजे मध्यकर्ण आणि अंतर्कर्णाचा जिवाणूसंसर्ग. नाकातला किंवा बाह्यकर्णातला संसर्ग आत सरकतो आणि कानामागच्या हाडाच्या पोकळीत पू साठतो. सशाचा पू वाहत नाही. तो टूथपेस्टसारखा घट्ट असतो, त्यामुळे तो आपोआप निचरत नाही आणि औषधही त्याच्यात सहज शिरत नाही. लोंबत्या कानांच्या जातींमध्ये हा त्रास अधिक आढळतो, कारण त्यांच्या कानाची नळी दुमडलेली आणि अरुंद असते. झुकलेल्या बाजूचा ओठ किंवा पापणी लोंबत असेल, तर संशय कानाकडे अधिक वळतो, कारण चेहऱ्याचा चेतातंतू तिथूनच जातो. कानात तपकिरी, पापुद्र्यांची जाड खपली दिसली, तर ती सूक्ष्म किडीमुळे असते. ती खपली घरी सोलू नये. खालची त्वचा कच्ची असते आणि वेदना फार होतात. किडीवर आयव्हरमेक्टिनसारखे औषध डॉक्टर देतात आणि खपली आपोआप गळते.

दुसरे कारण म्हणजे एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा सूक्ष्म परजीवी. सशांमध्ये त्याचे वर्णन १९२२ साली प्रथम झाले. तो पूर्वी प्रोटोझोआ या एकपेशीय जीवांच्या गटात मोजला जाई. आता त्याला बुरशीच्या जवळचा मानतात. बाधित सशाच्या लघवीतून त्याचे बीजाणू बाहेर पडतात, दुसऱ्या सशाच्या तोंडावाटे आत जातात, किंवा आईकडून पोटातल्या पिलांना मिळतात. मूत्रपिंड, मेंदू आणि डोळ्याचे भिंग ही त्याची आवडती ठिकाणे. वर्षानुवर्षे तो गुपचूप पडून राहतो आणि एखाद्या ताणानंतर अचानक डोके वर काढतो, म्हणूनच कालपर्यंत ठणठणीत असलेला ससा सकाळी लोळताना सापडतो.

या दोहोंत फरक करायचा तर डॉक्टर दुर्बिणीने कान पाहतील, चेहऱ्याच्या आणि पायांच्या प्रतिक्रिया तपासतील, डोळ्याच्या भिंगावर पांढरट डाग आहे का ते पाहतील, आणि रक्तात पेशींची मोजणी तसेच मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी युरिया-क्रिएटिनिन पाहायला सांगतील. कवटीच्या एक्स-रेत हाडाची पोकळी भरलेली दिसली तर कानाचा संसर्ग जवळजवळ सिद्ध होतो. मात्र एक्स-रे स्वच्छ आला म्हणून कान निरोगी ठरत नाही. सीटी स्कॅन यासाठी कितीतरी अधिक विश्वासार्ह आहे, पण प्राण्यांसाठी ती सोय मोजक्या शहरांतच आहे. परजीवीसाठी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी असते, परंतु आपल्याकडच्या नेहमीच्या प्रयोगशाळांत ती सहसा होत नाही, आणि झाली तरी तिचा अर्थ जपून लावावा लागतो. प्रतिपिंडे नसतील तर हा परजीवी बहुधा कारण नाही. ती सापडली तर एवढेच कळते की सशाचा त्याच्याशी कधीतरी संबंध आला होता. वरकरणी निरोगी असलेल्या कितीतरी सशांतही ती असतात.

म्हणूनच अनेक अनुभवी डॉक्टर दोन्ही शक्यता धरून एकाच वेळी उपचार सुरू करतात. याला अंदाजपंचे म्हणून नाके मुरडू नयेत. निश्चित निदानासाठी आठवडा घालवण्यापेक्षा पहिल्या दिवशी दोन्ही दारे बंद करणे बहुतेक सशांच्या हिताचे ठरते.

औषधे: कोणती, कशासाठी, आणि कोणती नकोत

परजीवीवर फेनबेंडाझोल हे जंतनाशक दिले जाते. त्याची रूढ मात्रा सशाच्या दर किलो वजनाला २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सलग २८ दिवस अशी आहे. मात्रेचा हिशेब डॉक्टरच करतील, पण तो आपल्यालाही समजलेला असावा, कारण आपल्याकडे हे औषध मोठ्या जनावरांसाठीच्या निरनिराळ्या तीव्रतेत मिळते आणि औषधविक्रेता एकाच्या जागी दुसरी बाटली देऊ शकतो. दीड किलोच्या सशाला रोज ३० मिलिग्रॅम औषध लागते. बाटलीवर १० टक्के लिहिले असेल तर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते आणि ०.३ मिलिलिटर पुरते; अडीच टक्के लिहिले असेल तर २५ मिलिग्रॅम असते आणि १.२ मिलिलिटर लागते. बाटली बदलली आणि सिरिंजवरची खूण तीच राहिली, तर मात्रा चौपट होते किंवा पाव उरते. हे औषध रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला क्वचित दाबून टाकते, म्हणून मात्रा वाढवून लवकर गुण येईल या भ्रमात राहू नये आणि साधारण दोन आठवड्यांनी रक्तपेशींची मोजणी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. औषधाचा साका तळाशी बसतो; दर वेळी बाटली नीट हलवावी.

कानाच्या संसर्गावर प्रतिजैविके लागतात, आणि तीही चार ते सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही सशांत नेहमी वापरली जाणारी औषधे आहेत. याउलट अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिली, तर आतड्यातले उपयोगी सूक्ष्मजीव मरतात, क्लॉस्ट्रिडियम हे घातक जिवाणू माजतात आणि ससा काही दिवसांत जुलाबाने जाऊ शकतो. ही एक ओळ चिठ्ठीवर लिहून पिंजऱ्याला चिकटवून ठेवावी. घरात मुलांसाठी आणलेले अमॉक्सिसिलिनचे गोड सिरप सशाला पाजल्याच्या कहाण्या आम्ही ऐकल्या आहेत आणि त्यांचा शेवट सारखाच होता. पेनिसिलिन इंजेक्शनने देता येते. तोंडावाटे देता येत नाही. गोचिडांवर कुत्र्यांसाठी मिळणारे फिप्रोनिलचे थेंब किंवा फवाराही सशाला लावू नये.

चक्कर आणि लोळणे कमी व्हावे म्हणून डॉक्टर मेक्लिझिनसारखे औषध किंवा तीव्र अवस्थेत मिडाझोलाम देतात. वेदना आणि सूज यांवर मेलॉक्सिकॅम वापरतात. ते देण्याआधी सशाच्या अंगात पाणी पुरेसे आहे आणि मूत्रपिंडे नीट काम करीत आहेत, याची खात्री हवी. ब जीवनसत्त्वाची इंजेक्शने आपल्याकडे हमखास दिली जातात. त्यांना विरोध नाही, मात्र त्यांनी परजीवी मरत नाही आणि पूही जात नाही. तेवढ्यावर भागवून घरी पाठवले तर दुसरे मत घ्यावे. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडविषयी अधिक सावध राहावे. ससा स्टेरॉइडला फार संवेदनशील आहे, आणि दडून बसलेला संसर्ग प्रतिकारशक्ती दबताच उसळू शकतो. ‘डॉक्टर, याला संसर्ग असेल तर स्टेरॉइडनं तो वाढणार नाही ना?’ असे नम्रपणे विचारण्यात कसलाही अपमान नाही.

औषधांनी कानातला पू हटला नाही, तर कानाची नळी उघडण्याची किंवा हाडाची पोकळी साफ करण्याची शस्त्रक्रिया करता येते. ती कठीण आहे, आणि सशांवर ती आधी केलेल्या शल्यचिकित्सकाकडेच करावी.

घरची शुश्रूषा

खरी कसोटी घरी लागते. स्वतःहून खाणारा ससा असेल, तर गवताची जुडी आणि भाजी तोंडाच्या उंचीवर, झुकलेल्या बाजूला ठेवावी आणि दिवसातून अनेकदा काडी-काडी भरवावी. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, मेथी, दूर्वा चालतात. लसूणघास प्रौढ सशाला एरवी रोज देत नाहीत, कारण त्यात कॅल्शियम फार असते, पण आजारी ससा फक्त तोच खात असेल तर द्यावा. उपासापेक्षा तेही बरे. पोळी, बिस्किट, दूध आणि फळांचा रस यांना स्पष्ट नकार द्यावा.

तो पुरेसे खात नसेल, तर सिरिंजने भरवावे लागते. सशांसाठीची तयार रिकव्हरी पावडर उत्तम. ती मिळेपर्यंत त्याच्या नेहमीच्या पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरमधून काढून पातळ पेज करावी. एका वेळी वजनाच्या दर किलोला साधारण १० ते १५ मिलिलिटर, दिवसातून चार-पाच वेळा, हा प्रारंभीचा अंदाज; नेमके प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पोट फुगून टणक झालेले असेल तर भरवू नये, आधी दाखवावे. भरवताना सशाला टॉवेलमध्ये गुंडाळून चार पायांवर बसलेल्या अवस्थेत धरावे, कधीही पाठीवर झोपवू नये. सिरिंज पुढच्या दातांच्या मागच्या फटीतून बाजूने आत घालावी आणि अर्धा-एक मिलिलिटर देऊन तो चावून गिळेपर्यंत थांबावे. लोळण्याचा झटका चालू असताना भरवले, तर अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो; म्हणून चक्करीचे औषध देऊन तो शांत झाल्यावर, साधारण अर्ध्या-पाऊण तासाने भरवण्याची वेळ ठेवावी. पहिल्या दिवशी आम्हाला एका जेवणाला चाळीस मिनिटे लागली आणि निम्मी पेज शर्टावर गेली. आठवड्याने तेच काम दहा मिनिटांत होऊ लागले.

पिंजऱ्याला लटकणारी पाण्याची बाटली वाकड्या मानेने वापरता येत नाही. जड, उथळ मातीचे किंवा चिनी मातीचे भांडे ठेवावे आणि भाजी ओली करूनच द्यावी.

झुकलेल्या बाजूचा डोळा अंथरुणावर घासला जातो आणि नीट मिटतही नाही. त्यात डॉक्टरांनी सांगितलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून अनेकदा घालावेत. डोळा धूसर, लाल किंवा बंद दिसला तर त्याच दिवशी दाखवावे, कारण बुबुळावर जखम असू शकते. अशा डोळ्यात स्टेरॉइड असलेले थेंब घातले तर जखम चिघळते.

ससा स्वतःच्या मऊ लेंड्या गुदद्वारातून थेट खातो आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. मान वळवता येत नसल्यामुळे त्या केसांना चिकटून राहतात. त्या दिसल्या तर हलकेच काढून त्याच्या तोंडाशी धराव्यात; वर्णन किळसवाणे वाटले, तरी ससा आनंदाने खातो. मागचा भाग ओला राहू देऊ नये. पावसाळ्यात ओल्या, घाण केसांवर माश्या अंडी घालतात आणि चोवीस तासांत अळ्या पडतात. मात्र आंघोळ घालू नये; ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडे करावे.

परजीवीचा संशय असेल तर लघवीची जागा रोज स्वच्छ करावी. आधी साध्या पाण्याने लघवी पूर्ण धुऊन काढावी आणि मगच एक भाग ब्लीच द्रावण व नऊ भाग पाणी असे मिश्रण वापरावे. लघवीतल्या अमोनियावर थेट ब्लीच ओतले तर घातक वायू तयार होतो. मिश्रण काही मिनिटे ठेवून पुन्हा पाण्याने धुवावे, पूर्ण वाळू द्यावे आणि मगच ससा आत सोडावा. गोधड्या आणि टॉवेल पाण्यात उकळून घ्यावेत. हा परजीवी निरोगी माणसाला सहसा बाधत नाही, परंतु कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या, अवयवरोपण झालेल्या किंवा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्या व्यक्तीने पिंजऱ्याची साफसफाई करू नये. घरातल्या इतर सशांना औषध द्यायचे की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

वही, वजन आणि वाट पाहणे

स्वयंपाकघरातला पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा या आजारात डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपइतकाच उपयोगी पडतो. रोज सकाळी एकाच वेळी वजन करावे आणि वहीत वजन, भरवलेली पेज, लेंड्यांचा अंदाज, औषधांच्या वेळा आणि लोळण्याचे झटके नोंदवावेत. त्याच जागी बसवून समोरून रोज एक छायाचित्र काढावे. सुधारणा इतकी सावकाश होते की रोज पाहणाऱ्याला ती कळत नाही. दहाव्या दिवसाचे चित्र पहिल्या दिवसाच्या शेजारी ठेवले की कळते.

पहिले तीन-चार दिवस बहुधा सर्वांत वाईट असतात आणि उपचार सुरू असूनही मान आणखी वळू शकते. त्यानंतर आधी बुबुळांची हालचाल थांबते, मग लोळणे कमी होते, ससा धडपडत का होईना बसू लागतो, आणि मान सगळ्यात शेवटी सरळ होऊ लागते. तिला आठवडे, कधी महिने लागतात. फेरतपासणी पहिल्या आठवड्यात एकदा आणि नंतर दोन-तीन आठवड्यांनी ठेवावी. दिसायला बरा झाला म्हणून अठराव्या दिवशी औषध थांबवू नये.

तो बसू लागला की रोज थोडा वेळ सतरंजीवर, आपल्या देखरेखीखाली मोकळे सोडावे. भाजीची काडी झुकावाच्या उलट बाजूने धरून त्याला मान वळवायला लावावी. मेंदू तोल सांभाळायला नव्याने शिकतो तो हालचालीतूनच, पिंजऱ्यात पडून राहून नव्हे.

दयामरणाचा प्रश्न कधी ना कधी मनात येतोच. आमचे मत असे की पहिल्या भेटीत, लोळण्याचे दृश्य पाहून हा निर्णय घेऊ नये, आणि कोणी घाईने सुचवला तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावे. पण दोन-तीन आठवड्यांचे योग्य उपचार होऊनही ससा स्वतःहून काहीच खात नसेल, लोळणे थांबत नसेल, वजन घसरतच असेल, मूत्रपिंडे निकामी झाली असतील, तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे आणि तो निर्णय पुढे ढकलत राहू नये.

मान कायमची तिरकी राहिली तरी ससा त्या तिरक्या जगाशी जुळवून घेतो. त्याच्यासाठी उंच मजले आणि जिने काढून टाकावेत, फरशीवर घसरणार नाही असे अंथरूण ठेवावे, त्याच्या दृष्टीआडच्या बाजूने अचानक हात लावू नये आणि वर राहिलेला व खाली गेलेला, असे दोन्ही कान महिन्यातून एकदा उजेडात पाहावेत. आमचा ससा डावीकडे झुकलेला होता, त्यामुळे भाजीचे ताट नेहमी डावीकडेच मांडावे लागे; पाहुण्यांनी ते उजवीकडे ठेवले की तो एक पूर्ण गिरकी घेऊन ताटापाशी पोहोचायचा आणि मगच जेवायला बसायचा.